दान, उत्सर्ग आणि तळ्यातला गाळ

आम्हाला प्रोग्रॅमिंगची एक ओळ लिहिता येत नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला मात्र येतं. एका मुक्तस्रोत वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये मराठी नावांची यादी लावताना ‘काळे’ हे आडनाव ‘कावळे’ आणि ‘कासार’ यांच्या आधी येत होतं. का? तर युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर येतो. यानं दुरुस्ती लिहिली, पाठवली. आठ महिने ती कुणी उघडून पाहिली नाही. तो म्हणाला, “सर, मी दिलं, पण त्यांनी घेतलंच नाही. मग हे देणं झालं का?”

प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. तो मनात ठेवून आम्ही एरिक रेमंड यांचा ‘होमस्टेडिंग द नूस्फिअर’ हा १९९८ सालचा निबंध पुन्हा वाचला.

रेमंड यांचं निरीक्षण चोख आहे. परवाना सांगतो, कोड घ्या, बदला, हवी तर वेगळी चूल मांडा. प्रत्यक्षात लोक तसं सहसा करत नाहीत. प्रकल्प कुणाचा, याचे अलिखित संकेत पाळतात. हे संकेत रेमंड जॉन लॉकच्या मालकीच्या सिद्धांताशी जोडतात: पडीक जमिनीत ज्यानं श्रम मिसळले, त्याची ती. शिवाय ही देण्याची संस्कृती आहे, जो देतो त्याची प्रतिष्ठा वाढते, असं ते म्हणतात.

आमचा आक्षेप इथे आहे. या हिशेबात भर देणाऱ्याच्या श्रमांवर आहे. पण घेणाराही राबतो. मीडियाविकी बघा, मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर. तिथे पाठवलेला बदल गेरिट नावाच्या व्यवस्थेत जातो, यांत्रिक चाचण्या होतात, मग अधिकार असलेला कुणीतरी तो वाचून ‘अधिक दोन’ असा शेरा देतो. तेव्हा तो मूळ कोडमध्ये मिसळतो. कोडच्या प्रती हव्या तेवढ्या निघतात, वाचणाऱ्याच्या वेळेची प्रत निघत नाही. म्हणजे टंचाई जमिनीची नाहीच, लक्षाची आहे. आणि वाचताना नजर चुकली तर? ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही चूक मार्च २०१२च्या आवृत्तीतून बाहेर गेली, उघड झाली एप्रिल २०१४मध्ये. कोड सगळा वेळ सर्वांना खुला होता.

‘देणं’ हा शब्दही तपासू. धर्मशास्त्रात दान म्हणजे आपलं स्वत्व सोडून दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं. प्रतिग्रहाशिवाय, म्हणजे घेणाऱ्यानं स्वीकारल्याशिवाय, ते पुरं होत नाही. मीडियाविकीला कोड देणारा आपला कॉपीराइट सोडत नाही. जीपीएल परवान्याखाली तो सर्वांना वापरू देतो, स्वतःही वापरतो. हे दान नव्हे, हा उत्सर्ग: तळं खणून सर्वांसाठी सोडणं. त्यात ठरावीक घेणारा नसतो आणि सोडणाराही तिथलं पाणी पिऊ शकतो. पूर्वजांना गिट ठाऊक होतं, असं आम्ही म्हणत नाही! भेद उपयोगी आहे, एवढंच. आणि ‘सर्वांसाठी’ असं कागदावर असणं पुरत नाही, हे महाडच्या चवदार तळ्यानं १९२७ साली आपल्याला कायमचं शिकवलंय.

मग विद्यार्थ्याला उत्तर काय? परवान्याच्या अर्थानं त्याचं सोडणं त्याच दिवशी झालं. लोकांपर्यंत मात्र ते पोचलं नाही, कारण तळं खणणारे पुष्कळ आणि गाळ काढणारे मोजके. आम्ही त्याला म्हटलं, पुढची दुरुस्ती पाठवण्याआधी इतरांच्या पडून राहिलेल्या दोन दुरुस्त्या वाच, चालवून बघ, शेरा लिही. तो जरा हिरमुसला. “सर, त्याचं नाव कुठे होत नाही.”

बरोबर आहे. रेमंड यांच्या प्रतिष्ठेच्या वहीत गाळ काढणाऱ्याला नीटसा रकाना नाही. तो आखला पाहिजे, एवढीच आमची टीका. विद्यार्थ्यानं दोन दुरुस्त्या वाचल्या म्हणे. ‘काळे’ मात्र अजून ‘कावळे’च्या आधीच आहेत.