व्हॅरम पर्सीचं चर्च नेमकं कधी पडलं?

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या टेकड्यांवर व्हॅरम पर्सी नावाचं गाव होतं. आज तिथे गवताखाली घरांच्या जोत्यांचे उंचवटे आहेत आणि अर्धा मनोरा पडलेलं, बिनछपराचं सेंट मार्टिनचं चर्च. फोटो पाहिला की तुम्हीही म्हणाल, प्लेगने गाव संपलं आणि चर्च पडलं. मीही सुरुवातीला हेच धरून चालले होते. पण तसं नाहीये.

१३४८-४९ च्या प्लेगनंतरही गाव टिकलं. ते रिकामं झालं १५०० च्या सुमारास, शेतीच्या जागी मेंढ्या आल्या तेव्हा. चर्च मात्र पुढे साडेचारशे वर्षं चालू राहिलं, कारण शेजारची गावंही त्याच्याच पॅरिशमध्ये होती. थिक्सेन्डेलला १८७० मध्ये स्वतःचं चर्च झालं, आणि इथली वर्दळ आटली. शेवटची प्रार्थना १९४९ सालची. मग छपरावरचं शिसं चोरीला गेलं, आणि १९५९ मध्ये मनोरा कोसळला.

गंमत बघा, मॉरिस बेरेसफर्ड आणि जॉन हर्स्ट यांचं इथलं प्रसिद्ध उत्खनन १९५० ते १९९० चाललं. म्हणजे मध्ययुगीन गाव शोधलं जात असतानाच शेजारची मध्ययुगीन इमारत पडत होती!

या चर्चच्या दोन्ही बाजूंना आधी पडव्या वाढवल्या, नंतर पाडल्या, कमानी बुजवल्या. त्याचा अर्थ सहसा असा लावतात: गाव वाढलं तसं चर्च वाढलं, गाव आटलं तसं तेही आटलं. वाचायला छान आहे, पण माझा आक्षेप इथेच आहे. पॅरिश अनेक गावांची, मग चर्चचा आकार एकाच गावाची डोकी कशी मोजणार? शिवाय या वाचनात चर्चची गोष्ट गावाबरोबरच संपते आणि नंतरची शतकं तळटीप होतात.

जतनातही तेच होतं. भिंती आहेत तशा सांभाळल्यात, ते योग्यच. आता नवं छप्पर घालणं खोटं ठरेल. पण असा अवशेष नुसता पाहिला की वाटतं, हे पूर्वीपासून असंच असणार. खरं तर हे विसाव्या शतकातलं, टाळता येण्यासारखं नुकसान आहे. मनोरा पडल्यावर दहाच वर्षांनी, १९६९ मध्ये, वापरात नसलेली चर्चेस सांभाळणारा निधी इंग्लंडमध्ये सुरू झाला. आज त्याच संस्थेकडे साडेतीनशेहून अधिक चर्चेस आहेत, बहुतेक छपरासकट.

म्हणून पुढच्या वेळी पडकी वास्तू बघाल तेव्हा "कोणत्या शतकातली?" एवढंच विचारू नका. छप्पर कधी गेलं, तेही विचारा.