‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’: प्रतीके, नावे आणि मानवी दुष्टता

विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ ही कादंबरी १९५४ साली प्रसिद्ध झाली. युद्धकाळात विमान कोसळल्यामुळे निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज शाळकरी मुलांची ही कथा. तिच्यातील शंख म्हणजे लोकशाही, पिगीचा चष्मा म्हणजे विज्ञान, डुकराचे मुंडके म्हणजे सैतान, अशी समीकरणे मांडण्याचा प्रघात पडला आहे. ही समीकरणे सर्वस्वी चूक नाहीत. परंतु मुलांमधील दुष्टता कोणत्या मार्गाने प्रकट होते, ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही. ते उत्तर मुख्यतः मुले एकमेकांना व आपल्या कृत्यांना कोणती नावे देतात, ह्यात शोधावे लागते.

आर. एम. बॅलंटाइन यांच्या ‘द कोरल आयलंड’ (१८५७) ह्या कादंबरीला गोल्डिंग यांनी दिलेले हे प्रत्युत्तर होय. रॅल्फ आणि जॅक ही नावेही तेथूनच घेतलेली आहेत. बॅलंटाइन यांच्या बेटावर दुष्टता चाचे आणि नरभक्षक यांच्या रूपाने बाहेरून येते. मुले निर्मळ राहतात. ब्रिटिश नौदलातून १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीत भाग घेतलेल्या आणि शाळेत मुलांना शिकविलेल्या गोल्डिंग यांना ही सोयीस्कर विभागणी मान्य होण्याजोगी नव्हती.

आरंभी पिगी सर्वांच्या नावांची यादी करू पाहतो. त्याचे स्वतःचे नाव मात्र कोणीच विचारीत नाही. ‘पिगी’ म्हणजे डुकऱ्या. ज्या प्राण्याची पुढे शिकार व्हायची, त्याचेच नाव त्याला पहिल्या दिवशी हसत हसत चिकटविले जाते. यादी अपुरीच राहते. सुटकेसाठी सर्वांनी मिळून पेटविलेली पहिली आग भडकते आणि चेहऱ्यावर जन्मखूण असलेला एक लहान मुलगा पुन्हा दिसत नाही. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. पहिला बळी असा जॅकच्या क्रौर्याने न जाता सर्वांच्या बेफिकिरीने जातो. दुष्टतेला येथे केवळ खलनायकाच्या अंगी बांधलेले नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे.

‘पशू’ हे ह्या नामव्यवहाराचे केंद्र होय. जे आत आहे त्याला बाहेरचे नाव दिले, की भीतीला लक्ष्य आणि हिंसेला निमित्त मिळते. शिकारी डुकरिणीचे मुंडके काठीवर रोवून त्या पशूला अर्पण करतात. कादंबरीचे शीर्षक ह्या मुंडक्याचे आहे. मूळ इब्री ‘बाल-झबूब’, म्हणजे माश्यांचा स्वामी, हे जुन्या करारात एक्रोन नगरीच्या दैवताचे नाव. तेच पुढे पिशाचांच्या अधिपतीला लागले. परक्यांच्या देवाला सैतान ठरविण्याचा हा इतिहास कादंबरीच्या आशयाशी जुळणारा आहे. पशू म्हणजे कदाचित आपणच, ही सायमनला उमगलेली गोष्ट सभेत मात्र हास्यास्पद ठरते.

पुढे डोंगरावरचा पशू म्हणजे एका हवाई सैनिकाचे प्रेत आहे, ही वार्ता घेऊन आलेल्या सायमनलाच मुले वादळी रात्री पशू समजून ठार करतात. त्या रिंगणात रॅल्फ आणि पिगीही असतात. कादंबरीचा नैतिक कळस ह्या हत्येपेक्षाही दुसऱ्या सकाळच्या संभाषणात आहे. रॅल्फ तिला खून म्हणतो. पिगी अपघात म्हणतो. जुळे भाऊ तर आपण आधीच निघून गेलो होतो असे सांगतात. विवेकाचा प्रतिनिधी म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, तोच पिगी येथे योग्य शब्दाला घाबरतो. चष्मा म्हणजे विवेक, हे समीकरण ह्या ठिकाणी ढासळते. आणि त्यातच कादंबरीचे सामर्थ्य आहे.

एक आक्षेप मात्र उरतो. रंग फासलेल्या मुलांना निवेदक स्वतः ‘रानटी’ म्हणू लागतो. दुष्टता परक्यांत नसून आपल्यात आहे, असे सांगणारी ही कृती अधःपतनासाठी शब्द योजते तो साम्राज्याच्या कोशातलाच. अधिकाऱ्याच्या तोंडी ‘द कोरल आयलंड’चा उल्लेख घालून लेखक ह्या वृत्तीचा उपहास करतो, तरी तिच्या भाषेपासून तो पूर्णपणे मुक्त होत नाही. शिवाय एका देशातील, एका वर्गातील मुलग्यांवरून समग्र मानवी स्वभावाविषयी काढलेला निष्कर्ष जपूनच स्वीकारला पाहिजे.

असे असूनही शेवट मर्मभेदी आहे. रॅल्फला ठार करण्यासाठी लावलेली आग पाहूनच युद्धनौका येते. एके काळी आपले नाव व पत्ता मंत्रासारखा म्हणणारा पर्सिव्हल अधिकाऱ्यासमोर उभा राहतो, आणि त्याला स्वतःचे नावदेखील आठवत नाही. मुलांची सुटका होते. परंतु सुटका झालेला हा मुलगा कोण, हे तो स्वतः सांगू शकत नाही.