हाव्हेलारचे नाव आणि कॉफीचे प्रमाणपत्र

एखाद्या कादंबरीच्या नायकाचे नाव बाजारातील मालाच्या पुड्यावर यावे, ही घटना वाङ्मयाच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे. १९८८ च्या नोव्हेंबरात नेदरलँड्समध्ये मेक्सिकोतील लहान शेतकऱ्यांची कॉफी एका नव्या चिन्हासह विक्रीस आली. उत्पादकाला रास्त किंमत मिळाल्याची ग्वाही देणाऱ्या या चिन्हाचे नाव होते ‘माक्स हाव्हेलार’. एडुआर्ड डाउएस डेकर याने ‘मुल्टाटुली’ या टोपणनावाने १८६० साली प्रसिद्ध केलेल्या कादंबरीचे व तिच्या नायकाचे हे नाव होय. कॉफीच्या व्यवहारात आज रूढ झालेल्या प्रमाणपत्रांपैकी एका प्रमुख परंपरेचा उगम या चिन्हात आहे. तेव्हा हे नाव त्या चिन्हाला कितपत शोभते, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा राहत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकालाही त्याचा विचार करणे प्राप्त आहे.

कादंबरीची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १८३० पासून डच सत्तेने जावा बेटात सक्तीच्या लागवडीची पद्धत अमलात आणली. रयतेने आपल्या जमिनीचा व श्रमाचा काही अंश कॉफी, ऊस, नीळ अशा पिकांना द्यावा आणि ते पीक सरकार ठरवील त्या भावाने सरकारलाच घालावे, असा तिचा आशय होता. डेकर हा १८५६ साली लेबाक येथे साहाय्यक रेसिडेंट होता. तेथील देशी अधिपती रयतेला विनामोबदला राबवितो व तिची जनावरे हिरावून घेतो, अशी तक्रार त्याने वरिष्ठांकडे नेली. तिची दाद लागली नाही. त्याने राजीनामा दिला आणि १८५९ मध्ये ब्रसेल्स येथे ही कादंबरी लिहिली. दीनबंधु मित्र यांचे ‘नीलदर्पण’ हे नाटकही १८६० सालीच प्रसिद्ध झाले, हा योगायोग भारतीय वाचकाला लक्षणीय वाटेल.

तथापि कादंबरीचा आरंभ जावात होत नाही. तो ॲम्स्टरडॅममधील कॉफीचा दलाल ड्रोगस्टॉपल याच्या निवेदनाने होतो. हा गृहस्थ स्वतःला सत्याचा भोक्ता समजतो. काव्य आणि नाटक यांचा त्याला तिटकारा आहे, कारण त्यांत घडलेले तेच सांगितलेले नसते. हिशेब चोख असला, म्हणजे सत्याविषयीचे आपले कर्तव्य संपले, अशी त्याची श्रद्धा आहे. ज्या कॉफीवर त्याचा संसार चालतो ती कोणाच्या श्रमाने पिकते, हे मात्र त्याला कधी जाणून घ्यावेसे वाटत नाही. हे पात्र केवळ विनोदासाठी योजलेले नाही. तपशिलातील सत्य आणि समग्र सत्य यांतील अंतर दाखविणे, हे त्याचे कार्य आहे.

सैजा आणि अदिंदा यांच्या उपकथेत हाच विचार उलट बाजूने येतो. सैजाच्या घरचा रेडा हिरावला जातो. तो पैसे मिळवावयास बटाव्हियास जातो. तीन वर्षांनी परततो, तेव्हा अदिंदा गावात नसते. अखेर डच सैन्याच्या कारवाईत दोघांचाही अंत होतो. ही विशिष्ट माणसे आपण कल्पिली आहेत, हे मुल्टाटुली मोकळेपणाने मान्य करतो. पण अशी माणसे पुष्कळ होती व जनावरांची लूट याद्यांनी सिद्ध करता येते, असे तो बजावतो. व्यक्ती कल्पित असली तरी स्थिती खरी आहे, ही त्याची भूमिका आहे. दैवाची थट्टा अशी, की प्रथम आवृत्तीच्या वेळी याकोब व्हान लेन्नेप याने स्थळांची नावे व तारखा गाळून त्या जागी टिंबे घातली आणि तक्रारीचा ठावठिकाणाच पुसून टाकला.

प्रमाणपत्राने हा ठावठिकाणा परत आणला, हे त्याचे निर्विवाद श्रेय होय. धर्मोपदेशक फ्रान्स व्हान डर होफ आणि निको रोझेन यांनी ओआहाका प्रांतातील सहकारी संघाशी हा व्यवहार जुळविला. पुढच्याच वर्षी, जुलै १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराखालील निर्यातीचे कोटे स्थगित झाले आणि भाव झपाट्याने कोसळले. त्या वेळी हमी दिलेल्या किमान भावाचे मोल विशेष जाणवले. या बाबतीत चिन्ह कादंबरीच्या पुढे गेले आहे. हाव्हेलार न्यायी कारभार मागतो. भाव कोणी ठरवावा, हा प्रश्न तो विचारीत नाही. फेअरट्रेडने धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव २०२३ मध्ये पौंडामागे १.४० डॉलरवरून १.८० डॉलरवर नेला. रेनफॉरेस्ट अलायन्सच्या चिन्हात अशी किमान भावाची हमी नाही.

परंतु तपासनीस संघाचे दप्तर आणि काही सभासदांची शेते पाहतो. सभासदाच्या शेतावर हंगामापुरता येणारा मजूर त्या दप्तरात क्वचितच येतो. लंडन येथील सोआस या संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये इथिओपिया व युगांडा येथील पाहणी प्रसिद्ध केली. प्रमाणित संस्था असलेल्या भागांत मजुरांची मजुरी इतरांहून अधिक आढळली नाही, असा तिचा निष्कर्ष होता. फेअरट्रेडने त्या तुलनेच्या पद्धतीवर आक्षेप घेतला; परंतु मजूर कोणाच्या गणतीत येतो, हा प्रश्न त्या आक्षेपाने सुटत नाही. मुल्टाटुलीच्या कथेत तपशील कल्पित आणि समग्र चित्र खरे आहे. प्रमाणपत्रात प्रत्येक तपशील खरा असूनही समग्र चित्र अपुरे राहू शकते. ड्रोगस्टॉपलला असे प्रमाणपत्र खचित आवडले असते.

यावरून प्रमाणपत्र व्यर्थ आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुल्टाटुलीने वाचकाला अस्वस्थ करण्यासाठी लेखणी धरली. चिन्हाला मात्र ग्राहकाला आश्वस्त केल्यावाचून गत्यंतर नाही. या दोन हेतूंमधील विरोध नावाच्या साधर्म्याने झाकला जातो. ज्याच्या नावाने हे चिन्ह चालते, त्याने सर्व ठीक असल्याच्या अहवालांवर विश्वास ठेवण्याचे नाकारले होते. चिन्हाच्या चालकांनी स्वतःच्या अहवालांनाही तीच कसोटी लावली आणि सैजाच्या जागी आज जो हंगामी मजूर उभा आहे त्याची मजुरी तपासणीच्या कक्षेत आणली, तरच हाव्हेलारचे नाव त्यावर सार्थ ठरेल.