बेदाणा आणि मेंदूतले पाणी

सातारा-सांगलीच्या शाळांत परासरण शिकवायला साहित्य शोधावे लागत नाही. तासगावचा मूठभर बेदाणा रात्री पाण्यात टाकला की सकाळी टम्म फुगलेला असतो. आत साखर जास्त, म्हणून पाणी आत गेले, हे आपले स्पष्टीकरण बरोबरच आहे. अडचण पुढे येते. मेंदूभोवतीचे पाणी कुठून येते, असे एखाद्या मुलीने विचारले की आपण तोच बेदाणा पुढे करतो. "मीठ पुढे, पाणी मागे," असे आम्हीही वर्षानुवर्षे सांगत आलो.

हिशेब करून पाहू. मेंदूच्या पोकळ्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाची झालरीसारखी ऊती असते. प्रौढ माणसात दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर मस्तिष्क-मेरुद्रव तयार होतो, तो मुख्यतः या ऊतीत. पण रक्तद्रव आणि हा द्रव यांची संहती जवळजवळ सारखीच असते. मग पाण्याला ओढते कोण? पेशीच्या पटलात पाण्याचे चॅनल असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ चे नोबेल मिळाले. परंतु या ऊतीतला तो चॅनल नसलेल्या उंदरांतही बराचसा द्रव तयार होतोच.

कोपनहेगनच्या नॅना मॅकऑले यांच्या गटाने २०१८ मध्ये दुसरा धागा पकडला. आयन चॅनल हे पाटाच्या दारासारखे असते: दार उघडले की आयन उताराने वाहतात. वाहक प्रथिनाचे तसे नाही. एनकेसीसी१ हे वाहक प्रथिन एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड आयन एकदमच पटलापार नेते. ते थांबवणारे औषध उंदरांच्या मेंदूच्या पोकळीत सोडल्यावर द्रवनिर्मिती सुमारे निम्म्याने घटली.

या कामाचे मोल कशात? एक, मोजणी जिवंत प्राण्यात केली. दोन, हे प्रथिन पेशीच्या पोकळीकडील बाजूला असते हे ओळखून औषधही त्याच बाजूने दिले. औषध शिरेतून दिले असते, तर ते तिथवर नीट पोचले नसते आणि 'परिणाम नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

त्रुटीही सांगायला हव्यात. आयनांबरोबर पाणीही त्याच प्रथिनातून ओढले जाते, हे या गटाचे म्हणणे सर्वांना मान्य नाही. निर्मिती निम्म्याने घटली, यावरून पाण्याची वाट कोणती हे सिद्ध होत नाही. शिवाय २०२१ मध्ये बोस्टनच्या संशोधकांना नवजात उंदरांत उलटे दिसले. त्या वयात द्रवात पोटॅशियम जास्त असते आणि हेच प्रथिन द्रव पोकळीतून बाहेर काढायला मदत करते. प्रथिन तेच, पण वय बदलले की दिशा बदलते!

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. जलशीर्ष झालेल्या बाळाच्या मेंदूत द्रव साठतो आणि डोके वाढत जाते. अमेरिकेतील कारागीर जॉन होल्टर यांनी आपल्या मुलासाठी १९५६ मध्ये झडप बनवली. आजही अनेक बाळांच्या डोक्यात झडपेची नळीच बसवावी लागते; ती तुंबते, पुन्हा शस्त्रक्रिया होते. द्रवनिर्मिती कमी करणारी दोन औषधे मेंदूत रक्तस्राव झालेल्या तान्ह्या बाळांना देऊन पाहिली गेली. १९९८ मध्ये निकाल आला: फायदा नाही, उलट अपाय. त्याचे कारण हेच प्रथिन, असे आम्ही म्हणणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण प्रौढ उंदरावरचा निष्कर्ष बाळाला लावू नये, हा धडा मात्र स्पष्ट आहे.

तेव्हा बेदाण्याचा प्रयोग जरूर करावा. त्यानंतर मुलांना एवढेच विचारावे: दोन्हीकडे संहती सारखी असेल, तर पाणी सरकेल का? सरकले, तर त्याला कोणी सरकवले? उत्तर पूर्ण सापडलेले नाही, हेही त्यांना मोकळेपणाने सांगावे.