साखर, गुलामगिरी आणि ब्रिटनची समृद्धी

एरिक विल्यम्स यांचा 'कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी' हा ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्रिनिदाद व टोबॅगोचे ते पहिले पंतप्रधान झाले. ग्रंथाचे प्रतिपादन दुहेरी आहे. गुलामांचा व्यापार व वेस्ट इंडीजमधील साखरेचे मळे यांच्या नफ्याने ब्रिटनच्या औद्योगिक क्रांतीस भांडवल पुरविले, हे पहिले; ही व्यवस्था तोट्याची ठरू लागली म्हणूनच ती मोडली, हे दुसरे.

पहिले प्रतिपादन आम्हांस अंशतःच मान्य आहे. वसाहतींची लूट पुरेशी असती तर अमेरिकेची चांदी लाभलेला स्पेन आणि गोवा व ब्राझील हाती असलेला पोर्तुगाल हेच उद्योगांत अग्रेसर ठरले असते. पॅट्रिक ओब्रायन यांनीही १९८२ मध्ये दूरदेशीच्या व्यापाराचा युरोपीय भांडवलनिर्मितीतील वाटा अल्पच असल्याचे मांडले. तथापि 'समृद्धी केवळ व्यापारातून आली' असे म्हणणाऱ्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. लिव्हरपूलचे जहाज कापड व बंदुका घेऊन आफ्रिकेस जाई, तेथून माणसे वेस्ट इंडीजला नेई आणि साखर घेऊन परते. या फेरीत व्यापार व बळजबरी वेगळी कशी करावी? अमेरिकेची संयुक्त संस्थाने स्वतंत्र झाल्यावर ब्रिटनशी त्यांचा संबंध व्यापाराचाच उरला. तरी लँकेशायरच्या गिरण्यांत येणारा तेथील कापूस १८६५ पर्यंत मुख्यतः गुलामच पिकवीत होते.

दुसऱ्या प्रतिपादनात विल्यम्स विवेकबुद्धीस फार थोडे श्रेय देतात. १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी आली तेव्हा तो भरभराटीत होता, असे सेमूर ड्रेशर यांनी १९७७ मध्ये दाखविले. क्लार्कसन व विल्बरफोर्स यांचे श्रम व्यर्थ नव्हते.

परंतु एवढ्याने आम्ही निश्चिंत होऊ नये. १७१० मध्ये निधन पावलेल्या ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन यांच्या मृत्युपत्राने बार्बाडोसमधील मळे गुलामांसह एस. पी. जी. या सुवार्ताप्रसारक संस्थेकडे आले. याच संस्थेच्या मिशनने पुढे अहमदनगर जिल्ह्यात कार्य केले. बार्बाडोसमध्ये काही गुलामांच्या छातीवर 'सोसायटी' हा शब्द तापल्या लोखंडाने डागला जाई. १८३३ च्या कायद्याने मालकांच्या भरपाईसाठी दोन कोटी पौंड ठरले. त्यांतून संस्थेस ८,८०० पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांस काहीच मिळाले नाही. इंग्लंडच्या मंडळीच्या महासभेने गुलामगिरीतील सहभागाबद्दल क्षमा मागितली ती २००६ मध्ये.

उपदेशकांनी व धर्मशिक्षकांनी विल्बरफोर्सचे उदाहरण जरूर द्यावे, मात्र त्यासोबत कॉड्रिंग्टनचा मळाही सांगावा. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी धनवानांस जाब विचारतो. तो वाचताना आपण केवळ मजुरांच्या बाजूस बसलो आहोत, असे आमच्या मंडळीने गृहीत धरू नये. कारण जी सुवार्ता आम्हांस तारणदायी ठरली, तिच्या प्रवासखर्चात त्या मजुरीचाही काही भाग असू शकेल.