सांध्यांचे वाचन : औंढा नागनाथ आणि अखंडदर्शी छायाचित्र

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पैनगंगेच्या परिसरात, कनेरगाव नाका हे गाव आहे. एका बाजूस निजामाचे राज्य व दुसऱ्या बाजूस वऱ्हाड अशी येथील स्थिती दीर्घकाळ होती. १९५६ साली दोन्ही मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. तथापि गावाच्या नावातील ‘नाका’ हा शब्द गेला नाही. वास्तुसंशोधनासही ही सीमा एके काळी बाधली होती. हेन्री कझिन्स यांनी प्राचीन अवशेषांच्या ज्या याद्या सिद्ध केल्या, त्यांपैकी मध्यप्रांत व वऱ्हाड यांची यादी १८९७ साली आणि निजामाच्या मुलुखाची १९०० साली प्रसिद्ध झाली. साहजिकच लोणारचे दैत्यसूदन मंदिर एका यादीच्या प्रदेशात व औंढा नागनाथ दुसऱ्या यादीच्या प्रदेशात पडले. दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांच्या १९३१ च्या ग्रंथात हा सांधा जुळला. दोन तुकडे जोडून एक दर्शन सिद्ध करण्याचा प्रश्न असा छायाचित्रापुरता नाही. परंतु छायाचित्रात तो आज विशेष तीव्रतेने उपस्थित झाला आहे.

व्यवहारात ज्याला पॅनोरमा म्हणतात ते अखंडदर्शी छायाचित्र म्हणजे एका ठिकाणी उभे राहून, कॅमेरा थोडा थोडा फिरवून घेतलेल्या अनेक चित्रांची जोडणी होय. ही कल्पना नवी नव्हे. फेलिचे बिआतो याने १८५८ साली दिल्ली व लखनौ येथे अशी चित्रमालिका घेतली. तिच्यात शेजारशेजारच्या ठशांच्या कडा डोळ्यांना दिसतात. आज गणकयंत्र त्या कडा पुसून टाकते. नवीनता आहे ती या पुसण्यात, आणि विभेदनक्षमतेत.

या विभेदनक्षमतेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पूर्ण वर्तुळाच्या चित्रात आडवे पन्नास हजार चित्रबिंदू असतील, तर दहा मीटर अंतरावरील भिंतीवर एका बिंदूच्या वाट्यास सुमारे सव्वा मिलिमीटर येतो. एवढ्या सूक्ष्मतेने मूर्तीचे अलंकार, दगडाची झीज, क्वचित टाकीचे घावही तपासता येतात. जे काम पूर्वी मचाण बांधून करावे लागे, ते अभ्यासिकेत बसून करता येते. तथापि यावरून असे चित्र म्हणजे ‘संपूर्ण वास्तू’ होय, असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र टिकणारा नाही.

औंढ्याचेच उदाहरण घ्यावे. यादवकालीन मंदिराचा खालचा शिल्पयुक्त दगडी भाग व त्यावरील उत्तरकालीन शिखर असे या वास्तूचे दोन थर आहेत. बाह्य भिंत सपाट नाही. ती कोनाकोनांनी पुढे येते व मागे जाते. एका स्थानावरून पाहणाऱ्यास पुढे आलेला कोन त्याच्यामागील खाच झाकून टाकतो. चित्रबिंदूंची संख्या दसपट केली तरी झाकलेली मूर्ती झाकलेलीच राहते. विभेदनक्षमता दृश्याला सूक्ष्म करते. अदृश्याला दृश्य करीत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे. कोरीव अक्षराचे वाचन तिरप्या प्रकाशात पडणाऱ्या सावलीवर अवलंबून असते. समोरून पडलेल्या सपाट प्रकाशात अतिसूक्ष्म चित्रही शिलालेखाच्या अभ्यासकास निरुपयोगी ठरू शकते. उलट योग्य वेळी घेतलेले सामान्य चित्र, किंवा कागदावर उठविलेला ठसा, त्याचे काम भागवितो.

याहून गंभीर आक्षेप सांध्यांविषयी आहे. भिंगाच्या आत ज्या बिंदूतून दृष्टिरेषा जातात, त्याच बिंदूभोवती कॅमेरा फिरला नाही, तर जवळचा खांब व दूरची भिंत यांचे परस्परस्थान प्रत्येक चित्रात बदलते. जोडणी करणारी प्रणाली हा फरक ओढूनताणून मिटविते. शिवाय पहिल्या व शेवटच्या चित्रांत काही वेळ गेलेला असतो. सावली सरकते, प्रदक्षिणा घालणारा मनुष्य दोनदा येतो किंवा अर्धाच उरतो. दंडगोलावर उलगडलेल्या चित्रात उभ्या रेषा सरळ राहतात, पण आडवे थर वाकतात. जेथे भिंत खरोखरच मोडत जाते, तेथे कोणता मोड स्थपतीचा व कोणता भिंगाचा, हे चित्रावरून सांगता येत नाही. वास्तूचा इतिहास तिच्या सांध्यांतच असतो. दगड कोठे संपला आणि नंतरचे बांधकाम कोठे सुरू झाले, हेच तर पाहावयाचे असते. ज्या साधनाचा गुण सांधे लपविणे हा आहे, ते साधन सांधे शोधणाऱ्याच्या हाती दिले जात आहे, हा यातील अंतर्विरोध होय.

भारतीय परंपरेस ही अडचण अपरिचित नाही. वेदमंत्रांचा संहितापाठ अखंड असतो. संधीमुळे शेजारची पदे एकमेकांत मिसळतात. केवळ संहितेवर विसंबल्यास पदांच्या सीमा संदिग्ध होतात, हे ओळखून पदपाठ सिद्ध झाला. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावावर आहे. पदपाठाने संहितेला बाद केले नाही; तिच्याशेजारी राहून तिचे वाचन शक्य केले. अखंडदर्शी छायाचित्र ही संहिता होय, व ज्यांपासून ती घडली ती सुटी चित्रे हा तिचा पदपाठ. जोडणी पूर्ण झाल्यावर सुटी चित्रे टाकून देणे म्हणजे पदपाठ नष्ट करून संहिता तेवढी जपणे.

औंढ्याच्या एका आख्यायिकेचा येथे उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागे जाण्यास भाग पाडले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले, असे परंपरा सांगते. पडद्यावरील छायाचित्रातही पाहणारा स्थिर असतो आणि बोटाच्या स्पर्शासरशी देऊळ फिरते. परंतु आख्यायिका कीर्तनकार कोठे बसला होता हे विसरत नाही. तिचा सारा अर्थ त्या जागेत आहे. ‘समोर’ व ‘मागे’ हे शब्द बोलणाऱ्याचे स्थान कळल्यावाचून निरर्थक होत. ज्या चित्रात पाहणाऱ्याचे स्थान नोंदलेले नाही, त्यात ‘समोर’ असे काही उरतच नाही.

म्हणून अशा छायाचित्राला संशोधनसाधनाचा दर्जा द्यावयाचा, तर काही गोष्टी त्यासोबत असावयास हव्यात : कॅमेऱ्याचे स्थान आराखड्यावर दाखविलेले, दिनांक व वेळ नोंदलेली, मोजपट्टी चौकटीत ठेवलेली, उलगडण्याची पद्धत सांगितलेली, एकाहून अधिक स्थानांवरून चित्रे घेतलेली, आणि सर्व सुटी चित्रे मूळ स्वरूपात जतन केलेली. यांपैकी एकही अट खर्चिक नाही. सर्वांना केवळ शिस्त लागते. ती न पाळल्यास, मंदिराची पुढे डागडुजी होईल तेव्हा, पूर्वी काय होते याचा एकमेव पुरावा म्हणून एक गुळगुळीत, निर्दोष व अतपासणीय चित्र तेवढे हाती राहील. कनेरगावची जुनी राज्यसीमा मिटली, पण गावाच्या नावाने ती कोठे होती हे जपून ठेवले. चांगल्या छायाचित्राकडून एवढीच अपेक्षा आहे : सांधे जुळावेत, परंतु ते कोठे होते हे विचारणाऱ्यास सापडावे.