‘द क्लॅश’चं सर्वांत चांगलं गाणं कोणतं?

‘आवड ज्याची त्याची, त्यात संशोधन कसलं?’ लोकप्रिय संस्कृतीवर काम करू पाहणाऱ्या प्रत्येकाला सिनॉप्सिसच्या सादरीकरणात हा प्रश्न एकदा तरी झेलावा लागतो. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: गाणं चांगलं की वाईट हे आम्ही सांगतच नाही, लोक काय म्हणतात एवढंच नोंदवतो. उत्तर सुरक्षित आहे, समितीही मान डोलावते. पण मला ते पळवाटेसारखं वाटतं. का, ते एका अगदी साध्या वादातून सांगते. वाद असा की ‘द क्लॅश’ या पंक बँडचं सर्वांत चांगलं गाणं कोणतं.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लॅश लंडनचे, सुरुवात १९७६. जो स्ट्रमर आणि मिक जोन्स गाणी लिहायचे आणि गायचे, पॉल सिमोनन बेसवर, १९७७ पासून ड्रम्सवर टॉपर हेडन. १९८२ मध्ये हेडनला काढलं, १९८३ मध्ये जोन्सला. त्यानंतर १९८५ मध्ये ‘कट द क्रॅप’ हा एक अल्बम आला, जो बहुतेक चाहते हिशेबातच धरत नाहीत. (कॉर्पस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे इथे चाहत्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. तुम्हाला तेच करायला अख्खं प्रकरण लिहावं लागतं.) पंक म्हणजे ढोबळमानाने मोजक्या कॉर्ड्स, वेग आणि राग. पण ही मंडळी तिथे थांबली नाहीत. रेगे, रॉकाबिली, फंक, डब, जे सापडेल ते घेत गेली. १९८० चा ‘सँडिनिस्टा!’ हा एकच अल्बम तीन तबकड्यांचा, ३६ गाण्यांचा आहे. त्यामुळे ‘सर्वांत चांगलं’ म्हणताना नेमकं कोणाशी काय तोलायचं इथूनच अडचण सुरू होते.

आधी आकडे बघू, कारण नवखा संशोधक पहिल्यांदा तिकडेच धावतो. ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं क्लॅशचं एकच गाणं आहे, ‘शुड आय स्टे ऑर शुड आय गो’. पण कधी? १९८२ मध्ये आलं तेव्हा ते १७ व्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. पहिलं आलं ते १९९१ मध्ये, लिव्हाइसच्या जीन्सच्या जाहिरातीत वाजल्यावर, म्हणजे बँड मोडून पाचेक वर्षं झाल्यानंतर. पुढे २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेने त्याला आणखी एक पिढी मिळवून दिली. अमेरिकेत सर्वांत वर गेलं ते ‘रॉक द कॅज्बा’, आठव्या क्रमांकापर्यंत. आणि समीक्षक-कलावंतांच्या मतांवरून ‘रोलिंग स्टोन’ने २००४ मध्ये ५०० गाण्यांची यादी काढली, तिच्यात ‘लंडन कॉलिंग’ १५ वं होतं. त्याच मासिकाने २०२१ मध्ये मतदार बदलून नवी यादी केली, तर तेच गाणं पहिल्या शंभराच्याही बाहेर. गाण्यातला एक स्वर बदललेला नाही, हे लक्षात घ्या.

म्हणजे एकाच बँडची तीन ‘सर्वोत्तम’ गाणी झाली, आणि जुन्या चाहत्यांना विचारलं तर यातलं एकही नाव पहिल्यांदा येईल याची खात्री नाही. मतं गोळा करून सरासरी काढू म्हटलं तरी गाडी अडते. समजा तिघे आहेत. पहिल्याची पसंती क्रमाने ‘लंडन कॉलिंग’, ‘व्हाइट मॅन’, ‘स्ट्रेट टू हेल’. दुसऱ्याची ‘व्हाइट मॅन’, ‘स्ट्रेट टू हेल’, ‘लंडन कॉलिंग’. तिसऱ्याची ‘स्ट्रेट टू हेल’, ‘लंडन कॉलिंग’, ‘व्हाइट मॅन’. आता दोन-दोन गाण्यांची लढत लावा. प्रत्येक गाणं एकाला दोन मतांनी हरवतं आणि दुसऱ्याकडून तेवढ्याच मतांनी हरतं. कुणीच पहिलं नाही! कॉन्डोर्से या फ्रेंच गणितज्ञाने हा पेच अठराव्या शतकातच दाखवून दिलाय. तेव्हा प्रश्नावली वाटून, टक्के काढून, पाय चार्ट लावून मोकळं होऊ नका एवढंच.

दुसरा रस्ता समाजशास्त्राचा. पिअर बोर्द्यूचं ‘डिस्टिंक्शन’ १९७९ चं, म्हणजे ‘लंडन कॉलिंग’ ज्या वर्षी आला त्याच वर्षीचं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की आवड ही निरागस नसते, माणूस आवडीतून आपली सामाजिक जागा दाखवत असतो. सारा थॉर्न्टन यांनी १९९५ मध्ये क्लब संस्कृतीच्या अभ्यासात ते पुढे नेलं आणि ‘उपसांस्कृतिक भांडवल’ ही कल्पना मांडली. कुणाला काय माहीत आहे, कोण किती आधीपासून आहे, यावर त्या छोट्या जगात पत ठरते. क्लॅशच्या चाहत्यांवर हे इतकं चपखल बसतं की हसू येतं. ‘शुड आय स्टे’ म्हणणारा नवखा. ‘लंडन कॉलिंग’ म्हणणारा पुस्तकी. ‘कम्प्लीट कंट्रोल’ म्हणणारा जाणकार, कारण त्याला ठाऊक असतं की रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता ‘रिमोट कंट्रोल’ हे सिंगल काढलं, त्या रागातून हे गाणं आलं आणि निर्माता म्हणून त्यावर जमैकाच्या ली ‘स्क्रॅच’ पेरीचं नाव आहे.

पण इथेच बरेच प्रबंध थांबतात, आणि माझी तक्रार तिथेच आहे. पत मिळवायची म्हणून माणूस हे गाणं निवडतो, असं म्हटलं की त्याने दिलेली कारणं आपोआप निकामी होतात. तो घसा कोरडा करून सांगतोय की दुसऱ्या कडव्यानंतर ड्रम्स काय करतात ते ऐक, आणि आपण वहीत लिहितोय ‘भांडवल’. हे उद्धट आहे. सायमन फ्रिथ यांचं ‘परफॉर्मिंग राइट्स’ (१९९६) मला जवळचं वाटतं ते यासाठी. त्यांच्या मते चांगलं-वाईट यावर वाद घालणं हाच लोकप्रिय संस्कृतीच्या आनंदाचा मोठा भाग आहे. आणि ‘मला आवडतं’ व ‘हे चांगलं आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसऱ्याला पुरावा लागतो. पुरावा आला की तो तपासता येतो, आणि तपासायचा तर संशोधकालाही गाणं ऐकावंच लागतं.

तर मी माझं मत सांगते. क्लॅशचं सर्वांत चांगलं गाणं ‘व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले’. जून १९७८ चं सिंगल, ब्रिटनमध्ये जेमतेम ३२ व्या क्रमांकापर्यंत गेलेलं.

गाण्यात एक गोरा मुलगा पश्चिम लंडनच्या एका सभागृहात जमैकन गायकांच्या रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमाला जातो. स्ट्रमर खरोखरच गेला होता. त्याला हवं असतं बंडाचं संगीत. समोर येतो तो झगमगीत, सराईत, करमणुकीचा कार्यक्रम. तो खट्टू होतो. इथवर हे एका रसिकाचं गाऱ्हाणं आहे. पण गाणं थांबत नाही. सरकारकडे सैन्य आहे, बंदुकीने काय साधणार, याचा विचार होतो, संपत्तीच्या वाटपाचा होतो, आणि मग नजर वळते ती स्वतःच्या लोकांकडे. नवे पंक बँड चांगले सूट घालून प्रकाशझोतातल्या जागेसाठी भांडताहेत, बंडाचा धंदा झालाय, आणि बाहेर वंशद्वेषाला मान मिळू लागलाय. शेवटी हा मुलगा म्हणतो काय, तर आपण नुसती मजा शोधत आलो होतो.

चालीतही तोच प्रवास आहे. सुरुवातीला गिटारचे जोरदार फटके बसतात, वाटतं आता नेहमीचं पंक धावणार, आणि गाणं एकदम रेगेच्या संथ ठेक्यावर उतरतं. रेगेत गिटार ठोक्यावर न वाजता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत वाजते, त्यामुळे सगळं जरा मागे रेलल्यासारखं ऐकू येतं. पहिल्या अल्बममध्ये त्यांनी ज्युनिअर मर्विनचं ‘पोलिस अँड थीव्ह्ज’ हे रेगे गाणं घेतलं होतं, पण ते दुसऱ्याचं होतं. इथे उसना ठेका स्वतःच्या पेचासाठी वापरलाय. ज्या संगीताबद्दल तक्रार चाललीय त्याच संगीतात ती गायली जातेय.

याच्या शेजारी ‘व्हाइट रायट’ ठेवून बघा. मार्च १९७७ चं, त्यांचं पहिलं सिंगल. ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुणांची पोलिसांशी दंगल झाली, स्ट्रमर आणि सिमोनन तिथे होते. गाण्याचा आशय असा की गोऱ्या पोरांनीही असंच पेटून उठावं. काहींनी त्याचा नेमका उलटा, वंशवादी अर्थ काढला. वर्षभरानंतरच्या ‘व्हाइट मॅन’मध्ये तोच माणूस स्वतःलाच अडचणीत आणतो. दुसऱ्यांचा राग आपल्यासमोर सादर व्हावा ही अपेक्षा घेऊन तो गेला होता, आणि ते लोक तर शनिवार-रविवारसारखी मजा करत होते. फील्डवर्कला जाणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. ‘प्रतिरोध’ शोधायला गेलेल्या संशोधकाला वस्तीत लोक टीव्ही बघत निवांत बसलेले दिसतात तेव्हा त्याचा चेहरा अगदी असाच होतो.

म्हणून हे गाणं वर. ते स्वतःच समीक्षा आहे, आणि समीक्षकाला मोकळं सोडत नाही.

आता एक गंमत. हे गाणं ब्रिटनमध्ये कुठल्याच मूळ अल्बमवर नव्हतं, फक्त सिंगल होतं. अमेरिकेत मात्र पहिला अल्बम १९७९ मध्ये निघाला तेव्हा कंपनीने मूळची काही गाणी काढून मधल्या काळातली सिंगल्स त्यात घातली. त्यात हेही आलं. म्हणजे ब्रिटिश चाहत्याला ‘व्हाइट मॅन’ हे वळण म्हणून ऐकू येतं: आधी ते रागीट होते, मग विचार करू लागले. अमेरिकन चाहत्याला दोन्ही एकाच तबकडीवर मिळाले, त्याच्यासाठी वळण असं नाहीच. दोघे एकाच गाण्यावर भांडत असतील, पण त्यांच्या हातातल्या वस्तू वेगळ्या आहेत. असा वाद कोडिंगला घेताना ‘कुठलं गाणं’ याच्या आधी ‘कुठली तबकडी, कुठल्या साली’ हा रकाना करा.

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम उमेदवार ‘लंडन कॉलिंग’ नाही. तो आहे ‘स्ट्रेट टू हेल’, १९८२ च्या ‘कॉम्बॅट रॉक’मधला. त्याच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो मला खरंच छळतो: ‘व्हाइट मॅन’ शेवटी स्ट्रमरबद्दल आहे, एका गोऱ्या मुलाच्या अस्वस्थतेबद्दल. ‘स्ट्रेट टू हेल’ इतरांबद्दल आहे. पोलाद कारखाने बंद पडलेल्या गावांतली माणसं, दारात उभे राहिलेले स्थलांतरित, अमेरिकन सैनिक व्हिएतनाममध्ये मागे ठेवून गेले ती मुलं, जी बापाकडे नेण्याची विनवणी करताहेत. सगळ्यांना एकच उत्तर मिळतं, चालते व्हा. गाणं ओरडत नाही. हेडनचा ठेका बोसा नोव्हाच्या अंगाने जातो, पंकचा मागमूस नाही, आणि वर गिटारची एक थंड ओळ तरंगत राहते.

ती ओळ तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलीय, फक्त नाव माहीत नसेल. एम.आय.ए.च्या २००७ च्या ‘पेपर प्लेन्स’चा पाया तीच आहे, आणि ते गाणं ‘स्लमडॉग मिलियनेअर’मध्ये ती दोन पोरं रेल्वेत धंदा करत फिरतात तेव्हा वाजतं. लंडनमध्ये वाढलेली तमिळ गायिका स्थलांतरितांवरच्या संशयाची टर उडवताना नेमकं हेच गाणं उचलते, हा योगायोग नाही. चाहत्यांच्या वादात हा मुद्दा क्वचित येतो, आणि मला तो कुठल्याही यादीतल्या क्रमांकापेक्षा वजनदार वाटतो. दुसऱ्या कलावंताला त्या गाण्यातून काय करता आलं, हाही एक निकष आहे.

तरी मी ‘व्हाइट मॅन’च वर ठेवते. इतरांचं दुःख गाणं फार अवघड आहे, आणि ‘स्ट्रेट टू हेल’मध्ये गाणारा कुठे उभा आहे ते मला शेवटपर्यंत कळत नाही. ‘व्हाइट मॅन’मध्ये ते शीर्षकातच आहे. मात्र ‘स्ट्रेट टू हेल’ची न कापलेली आवृत्ती, जवळपास सात मिनिटांची, १९९१ च्या ‘क्लॅश ऑन ब्रॉडवे’ या संचात आहे. अल्बमवर आहे ती छाटलेली, साडेपाच मिनिटांची. ती लांब आवृत्ती पुढे करून कुणी वाद घालायला बसलं, तर मला सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागेल.